बुजवलेला तलाव आणि मातीच्या बरण्या



गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भाच्याकडे अमेरिकेत जाऊन आलो. परतल्यावर जो भेटेल तो विचारायचा, "काय काय पाहिलं? न्यूयॉर्क पाहिलं? नायगारा पाहिला?" मी सांगायचो, "माँटगोमेरी पाहिलं." समोरचा गप्प. मग "रोझा पार्क्सचं शहर" म्हटले की ओळख पटायची. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले, ते पाहण्याची इच्छा होतीच. पण भाचा अटलांटाला राहतो आणि तिथून माँटगोमेरी जवळ. या शहराच्या बागा आणि संग्रहालये तीन दिवस पाहिली. त्यातून जे प्रश्न घेऊन आलो, ते तुमच्यासमोर मांडायचे आहेत. प्रवासवर्णन लिहिण्याची हौस मला नाही.

भाच्याने आरव्ही भाड्याने घेतली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला पलंग, गॅस, फ्रिज, पाण्याची टाकी, संडास-बाथरूम, सगळे गाडीतच. भाचा, भाचेसून, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि मी. शहराबाहेर अलाबामा नदीच्या काठी कॅम्पग्राउंड होते. तिथे गाडी लावायची, विजेची आणि पाण्याची जोडणी करायची, की झाला संसार सुरू. मला मजा वाटली. म्हटले, आपल्या बापजाद्यांनी पाल ठोकून दिवस काढले, ही श्रीमंतांची पालेच आहेत!

पण या घराची एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. एक अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, दुसरी संडासाची. ती दुसरी भरली की ठरलेल्या जागी गाडी न्यायची, जाड नळी जोडायची, झडप उघडायची आणि आपली घाण आपण रिकामी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने हातमोजे चढवले आणि म्हणाला, "मामा, नळी जरा धरता का?"

मी मागे सरकलो.

खरे तेच लिहितो. माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. आम्हा भावंडांना त्यांनी एकच बजावून ठेवले होते, "उपाशी राहा, पण या कामाला हात लावू नका." बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे बंद करा म्हणून सांगितले, तोच धागा वडिलांच्या बोलण्यात होता. मी शिकलो, नोकरी केली, चळवळीत राहिलो, आणि वडिलांचा शब्द साठ वर्षे पाळला. आता अमेरिकेच्या एका कोपऱ्यात माझा भाचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, मला संडासाची नळी धरायला सांगत होता.

त्याला माझा चेहरा वाचता आला. तो म्हणाला, "मामा, इथे ज्याची घाण त्यानंच काढायची. तिकडे बघा."

पाहिले. आमच्या पुढच्या गाडीचा मालक, सत्तरीचा गोरा गृहस्थ, तेच काम करत होता. त्याच्या पुढे एक बाई. कोणी नाक मुरडत नव्हते, कोणी मान खाली घालत नव्हते. काम झाले, हात धुतले, चहा प्यायला बसले. मग मीही नळी धरली. पाच मिनिटांचे काम!

त्या पाच मिनिटांत 'जातिप्रथेचे विध्वंसन' मधला मुद्दा मला पुन्हा नव्याने कळला. जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. घाण काढण्याने माणूस हलका होत नाही. ते काम जन्मावरून एका माणसाच्या गळ्यात बांधले आणि दुसऱ्याला जन्मभर त्यातून मोकळे केले, म्हणजे मग तो हलका ठरतो. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात उतरून माणसे मरतात आणि मरणाऱ्यांची जात बहुतेक वेळा सांगावी लागत नाही. वडिलांचे बजावणे बरोबरच होते. पण "आम्ही हे करणार नाही" हे अर्धे वाक्य आहे. "ज्याची घाण त्याने काढावी" हे त्याचे उरलेले अर्धे. ते आपण पुरेशा जोराने म्हटलेले नाही.

आता कोणी म्हणेल, मामा अमेरिकेवर भाळले. अजिबात नाही. माँटगोमेरीच्या शेजारीच लाउंड्स काउंटी आहे. तिथल्या कितीतरी गरीब काळ्या कुटुंबांच्या घराला सांडपाण्याची धड सोय नाही, मैला अंगणात साचतो. सहलीला आलेल्यांसाठी नळी आहे, झडप आहे, काँक्रीटची जागा आहे. आणि पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांच्या दारात ती नाही. १९६८ साली मेम्फिसमध्ये सफाई कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्या हातातल्या फलकावर एवढेच लिहिले होते, की मी माणूस आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच संपाला पाठिंबा द्यायला ते मेम्फिसला गेले असताना. सफाईचे काम आणि माणूसपण यांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

संध्याकाळी शेजारच्या गाडीतले एक वृद्ध काळे जोडपे गप्पा मारायला आले. मी म्हणालो, ही चाकांवरच्या घराची कल्पना छान आहे. ते आजोबा हसले. म्हणाले, "माझ्या वडिलांकडे आरव्ही नव्हती, पण त्यांच्या गाडीत हे सगळं असायचं. जेवणाचा डबा, पाणी, पांघरूणं, आणि रस्त्यात आम्हा पोरांना लागली तर एक रिकामा डबा. कारण वाटेतलं हॉटेल आम्हाला खोली देत नसे आणि पेट्रोलपंप संडास वापरू देत नसे."

हे एकट्या त्यांचेच नव्हे. व्हिक्टर ग्रीन नावाच्या हार्लेममधल्या पोस्टमनने १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक' नावाने ती ओळखली जाते. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते घर, कोणते गॅरेज आपल्याला आत घेईल, याची यादी. ती सुमारे तीस वर्षे निघत राहिली.

मी त्यांना आपली गोष्ट सांगितली. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले, त्यात नऊ-दहा वर्षांचे भीमराव. मसूर स्टेशनवर उतरल्यावर महार आहेत कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर. जवळ जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "मुलं पोचली का?" मी म्हणालो, "पोचली. त्यातल्या एकानं देशाचं संविधान लिहिलं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

घर, अन्न, पाणी बरोबर घेऊन निघणे ही आज एकाची सुटी असते. काल ती दुसऱ्याची सक्ती होती. पर्यटन हा शब्द आपण फार सहज वापरतो. बाबासाहेब १९३४ साली सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्यातल्या पाण्याने हात-तोंड धुतले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी आत सोडले ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, आतल्या पाण्याला शिवायचे नाही असे बजावून. तोवर ते बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आले होते. किल्ला बघायला गेलेल्या माणसावर पहारा! आपल्यासाठी स्थळदर्शनाचा इतिहास इथून सुरू होतो.

आता शहराकडे येतो.

रोझा पार्क्स संग्रहालय त्यांना जिथे अटक झाली त्याच जागी उभे आहे. १ डिसेंबर १९५५ चा तो प्रसंग आपल्या पोरांना पाठ आहे. पण संग्रहालयात मला थांबवले ते एका जुन्या स्टेशनवॅगन गाडीने. बसवर बहिष्कार टाकायचा तर हजारो माणसांनी रोज कामावर जायचे कसे? चर्चच्या नावावर अशा गाड्या घेतल्या, थांबे ठरवले, वेळापत्रक केले. लोक त्यांना चाकांवरची चर्च म्हणत. जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण बाई इतर बायकांना बरोबर घेऊन जेवणाचे डबे आणि केक विकायची आणि ते पैसे सभेत आणून द्यायची. पैसा कुठून आला म्हणून विचारले तर सांगायचे, 'कुठूनच नाही'. त्या गटाचे नावच तसे पडले. ३८१ दिवस हे चालले.

शिवाय रोझा पार्क्स पहिल्या नव्हत्या. त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडायला नकार दिला होता. ज्या खटल्याने बसमधला भेदभाव संपला, त्यात ती वादी होती. त्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी कायम केला. तारीख पाहा. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली होती, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मधल्या दिवसांत जगाच्या दुसऱ्या टोकाला पायी चालून थकलेली माणसे हा लढा जिंकत होती. आपण मात्र एक दिवसाचा बंद यशस्वी झाला की सत्कार घेतो. ३८१ दिवस गाड्यांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्याकडे मंचावर जागा मिळेल का?

तिसऱ्या दिवशी ओक पार्कला गेलो. मोठी झाडे, हिरवळ, पोरे खेळतायत. इथे पाहण्यासारखी वस्तू एकच, आणि ती दिसत नाही. इथे पोहण्याचा मोठा तलाव होता, छोटे प्राणिसंग्रहालय होते. बाग नगरपालिकेची, कर सगळ्यांचा, पण प्रवेश फक्त गोऱ्यांना. १९५७ साली जॉर्जिया गिलमोर यांच्या मुलाने कामावर जाताना जवळची वाट म्हणून ही बाग ओलांडली, तर पोलिसांनी त्याला मारहाण केली. काळे नागरिक कोर्टात गेले. बाग सगळ्यांना खुली करावी लागणार हे दिसताच नगरपालिकेने काय केले? १ जानेवारी १९५९ पासून शहरातल्या सगळ्या बागा बंद करून टाकल्या. प्राणी विकले. तलाव मातीने बुजवला.

भाच्याची मुलगी सगळे ऐकत होती. तिने विचारले, "आजोबा, पण मग गोऱ्या मुलांनी कुठे पोहायचं?"

मुलीने बरोबर जागी बोट ठेवले. त्यांचाही तलाव गेला. काळ्या मुलाबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा आपल्याच मुलांचा तलाव बुजवणे त्यांनी पसंत केले. ज्यांना परवडत होते त्यांची सोय खासगी संस्थेत झाली. गरीब गोरा मुलगा बाहेरच राहिला. पुढे त्याच बागेत तारांगण बांधले, त्याला नाव कोणाचे दिले? बस बहिष्काराच्या वेळी बसमधल्या वेगळ्या रांगांसाठी झगडलेल्या महापौर गेल यांचे!

मित्रांनो, मला तिथे चवदार तळे आठवले नसते तरच नवल. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले, आणि तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राने ते 'शुद्ध' केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. तिथे तलावात माती टाकली, इथे शेण. हेतू एकच.

आणि हे जुने झाले असे समजू नका. सार्वजनिक गोष्टीत आपला वाटा सुरू झाला की ती सार्वजनिकच राहू द्यायची नाही, ही युक्ती जिवंत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपली पोरे जाऊ लागली, वरच्यांनी आपली पोरे काढून घेतली, आता पटसंख्या कमी म्हणून शाळाच बंद करायची. सरकारी नोकरीत आरक्षणाने आपण शिरलो, आता नोकरीच कंत्राटी. आरक्षणाला कोणी हात लावत नाही, फक्त ते जिथे लागू होते तो तलाव बुजवला जातो. आणि त्यात गरीब सवर्णाचा पोरगाही कोरडा राहतो, हे त्याला कोणी सांगत नाही. आपणही सांगत नाही. ते सांगणे आपल्या चळवळीचे काम आहे, असे मला त्या हिरवळीवर उभे राहून ठामपणे वाटले.

शेवटचे ठिकाण सर्वांत जड. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या संस्थेने २०१८ साली उभारलेले लेगसी संग्रहालय आणि राष्ट्रीय स्मारक. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक काळ्या माणसांचे हे स्मारक. आठशेहून अधिक पोलादी खांब, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर नाव आणि तारीख. नाव माहीत नसेल तिथे 'अज्ञात' असे कोरले आहे. सुरुवातीला खांब तुमच्या उंचीवर असतात. चालत जाता जाता पायाखालची जमीन खाली जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. बाहेर तेवढेच खांब जोडीने पडून आहेत. प्रत्येक काउंटीने यावे, आपला खांब न्यावा, गावात उभा करावा, म्हणजेच आपले पाप कबूल करावे, अशी कल्पना.

संग्रहालयात भिंतभर काचेच्या बरण्या आहेत. त्यात माती. जिथे जिथे माणूस मारला तिथे त्याचे वंशज किंवा गावचे लोक गेले, माती भरली, बरणीवर नाव लिहिले. कुठे काळी माती, कुठे लाल, कुठे वाळू. मी भरभर चालणारा माणूस, त्या भिंतीसमोर अर्धा तास उभा राहिलो. मी मनातल्या मनात आपली नावे वाचत होतो. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६, सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर भोतमांगे. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. त्यांनी या जगात एकट्याने काढलेली दहा वर्षे कोणत्या बरणीत भरायची? रमाबाई नगर, ११ जुलै १९९७, दहा जण. नामांतराच्या काळात मराठवाड्यात जाळली-मारलेली माणसे, पोचिराम कांबळे. पुढे? पुढे मलाच नावे आठवेनात. चाळीस वर्षे चळवळीत असलेल्या माणसाला! लाज वाटली.

मान्य आहे, रमाबाई नगरात स्मारक आहे, नामांतर शहिदांची स्मारके आहेत, आणि ती आपल्याच लोकांनी उभी केली आहेत. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जिवापाड जपल्या गेल्या. दीक्षाभूमी, चैत्यभूमी ही आपली शक्तिस्थळे आहेत. ती विजयाची आणि प्रज्ञेची स्मारके आहेत, आणि ती हवीतच. पण गावोगाव मारल्या गेलेल्या सगळ्यांची नावे एका ठिकाणी असलेली भिंत मी तरी महाराष्ट्रात पाहिली नाही.

काही मित्र म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, पोरांना प्रेरणा द्या. दुसरे म्हणतात, वंश वेगळा, जात वेगळी, तुलना करू नका. पहिल्यांना उत्तर असे, की ज्याने मारले तो विसरला तरच जखम भरते असे नाही, ज्याला मारले त्याचे नाव पुसले तर ती पुन्हा होते. माँटगोमेरीतच विधानभवनासमोर गुलामीसाठी लढलेल्या जेफरसन डेव्हिसचा पुतळा आहे. जयपूरला उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा आहे. त्यांचे स्मरण चालूच असते. विसरण्याचा सल्ला फक्त आपल्याला. दुसऱ्यांना उत्तर असे, की वंश आणि जात वेगळे आहेत हे बाबासाहेबांनीच साधार मांडले. तरी १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आजार वेगळा असला तरी दुसऱ्याने केलेला उपचार पाहायला बंदी नाही.

म्हणून एक छोटी सूचना. सरकारकडे जमीन मागू नका, समिती नेमू नका, पोस्टर छापू नका. आपापला तालुका घ्या. तिथे जातीच्या नावाने कोणाकोणाला मारले, त्यांचे नाव, गाव, तारीख, गुन्हा नोंदला का, अॅट्रॉसिटीचे कलम लागले का, निकाल काय लागला, हे एका वहीत उतरवा. घरच्यांना आधी विचारा. त्यांनी नको म्हटले तर थांबा. फोटो काढू नका. हो म्हटले तर त्यांच्याच हाताने त्या जागेची मूठभर माती घ्या. बरणी कोणाच्याही घरात मिळेल. बुद्धविहाराच्या एका फळीवर ती ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

परत निघताना टाकी पुन्हा रिकामी करायची होती. या वेळी भाच्याने हाक मारायच्या आधीच मी हातमोजे घातले होते. मुलगी म्हणाली, "आजोबा, मी पण." तिलाही एक जोडी दिली.

मी माझ्या तालुक्याची वही सुरू केली आहे. आजवर सात नावे झाली. त्यातली दोन मला माहीतच नव्हती, आणि ती गावे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

तुमच्या तालुक्याची किती?

जय भीम!